यंत्र मी कूलरसमोर ठेवलं होतं

ज्यांच्या घरात प्राणवायूचं यंत्र आलं आहे किंवा येणार आहे, त्यांनी आधी एवढंच वाचावं: ते यंत्र कूलरसमोर ठेवू नका. बाकीचं सावकाश वाचलं तरी चालेल.

माझी फुप्फुसं निकामी होत आली आहेत आणि ती पूर्ववत होणार नाहीत, हे मला ठाऊक आहे. तरी गेल्या उन्हाळ्यात आमच्या जयपूरच्या घरात जे घडलं ते आठवलं की आजही मला खुर्चीत स्वस्थ बसवत नाही, इतका आनंद होतो. त्या आनंदाच्या पोटात माझी एक लबाडी आहे. एक सांगून दुसरं झाकता येणार नाही, म्हणून दोन्ही सांगतो.

*पाच-सहा की वीस*

मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत असे. आम्ही मूळचे सातारा जिल्ह्यातले. नोकरीमुळे जयपूरला आलो आणि तिलक नगरमध्ये राहिलो. जिना चढताना दम लागायचा तेव्हा मी वयाकडे बोट दाखवायचो. एका हिवाळ्यात वर्गात फळ्यावर समीकरण लिहून झालं आणि ते वाचून दाखवायला मला श्वास पुरेना. मुलं वहीत माना घालून बसली, माझ्याकडे बघायचं टाळत. ते कळल्यावर माझ्या बायकोने, सुनंदाने, मला दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात नेलं.

डॉक्टर मराठी निघाले, सोलापूरचे. त्यांनी मला व्हरांड्याच्या टोकापर्यंत चालून यायला सांगितलं. परत आलो तेव्हा माझे ओठ निळे पडले होते असं सुनंदा सांगते. मला फक्त भिंतीचा गारवा हाताला लागलेला आठवतो.

"सिगारेट किती ओढता?" डॉक्टरांनी विचारलं.

"पाच-सहा," मी म्हणालो.

"वीस," सुनंदा म्हणाली. "सुट्टीच्या दिवशी जास्त."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. कागदावर वीस लिहिलं. पुढे काय काय सांगितलं त्यातलं अर्धं मला ऐकूच आलं नाही. बायकोसमोर पकडला गेलो, याचीच लाज मोठी होती. मरणाची भीती त्यानंतर आली, रिक्षात बसल्यावर.

*वॉर्ड*

तीन आठवडे मी वॉर्डात होतो. पहाटे थर्मामीटर, मग चहा, मग डॉक्टरांची फेरी, मग दुपारपर्यंत समोरच्या घड्याळाकडे बघणं. खाटेशेजारी काळा सिलिंडर उभा असायचा. तो संपला की वॉर्डबॉय दुसरा गडगडत आणायचा. जुना काढून नवा लावेपर्यंत दोन मिनिटं जायची. ती दोन मिनिटं मी कुणालाच देणार नाही, शत्रूलाही नाही. शेजारच्या खाटेवर सांगानेरचा एक छिपा होता, कापडावर ठसे मारणारा. माझा सिलिंडर बदलायला घेतला की तो उठून बसायचा आणि माझ्या पाठीवर तळहात ठेवायचा. त्याच्या बोटांच्या पेरांत निळा रंग मुरला होता.

घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "दिवसाचे सोळा तास प्राणवायू लागेल. घरी सोय झाली तर घरी राहा. नाही झाली तर परत या."

मी मनाशी म्हटलं, परत येणार नाही.

*अमेरिकेहून आलेली पेटी*

सोय माझ्या धाकट्या भावाने, वसंताने केली. तो अमेरिकेत असतो. त्याने पाठवलेलं यंत्र लाकडी खोक्यातून आलं तेव्हा गल्लीतल्या लोकांना वाटलं, सरांनी परदेशी टीव्ही मागवला. उंची खाटेशेजारच्या कपाटाएवढी, खाली चाकं. तिकडच्या विजेवर चालणारं, म्हणून सोबत एक जड ट्रान्सफॉर्मर.

ते चालू केलं तो क्षण! धप्, फुस्स. धप्, फुस्स. मागच्या जाळीतून खोलीतलीच हवा आत घ्यायची, आतल्या दोन नळकांड्यांतल्या दाण्यांवरून न्यायची. दाणे हवेतला नायट्रोजन धरून ठेवतात आणि प्राणवायू पुढे सोडतात. तो पाण्याच्या बाटलीतून बुडबुडत नळीने नाकात. सिलिंडर नाही, वॉर्डबॉय नाही, ती दोन मिनिटं नाहीत! मी आयुष्यभर वायूंबद्दल शिकवलं, आणि आता एक वायू माझ्या खाटेशेजारी तयार होत होता. लेक मीनल म्हणाली, "बाबा, मतलब आता तुम्ही प्रॅक्टिकलवर जिवंत आहात." ती तेव्हा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती. तिचं मराठी असंच, अर्धं घरातलं आणि अर्धं शाळेतलं.

कामं आम्ही वाटून घेतली. बाटलीत डिस्टिल्ड पाणी भरणं मीनलकडे. मागचा काळा फोमचा फिल्टर धुणं सुनंदाकडे, कारण जयपूरची धूळ दोन दिवसांत त्याची पोळी करायची. आणि माझ्याकडे देखरेख. म्हणजे काहीच नाही.

*गार आणि हवेशीर*

मे महिना आला. यंत्राच्या पाठीला हात लावला तर चटका बसू लागला. मी माहितीपुस्तक काढलं. त्यात लिहिलं होतं, यंत्र गार आणि हवेशीर जागी ठेवावं. मे महिन्यात जयपूरच्या घरात गार आणि हवेशीर जागा एकच असते. मी यंत्र ढकलवून घेतलं आणि खिडकीतल्या कूलरच्या अगदी समोर उभं केलं. खसच्या, म्हणजे वाळ्याच्या, ताट्यांतून पाणी ठिबकत होतं, ओला सुगंधी वारा थेट यंत्राच्या जाळीवर. पाठ तासाभरात गार झाली. मी खूश.

पुस्तकाचं पुढचं पान मी उलटलं नाही. प्रश्नपत्रिका न वाचता उत्तरं लिहिणाऱ्या मुलांना मी पंचवीस वर्षं नापास केलं आहे.

दोन आठवड्यांत मला पुन्हा दम लागायला लागला. आधी न्हाणीघरापर्यंत, मग खाटेवर कूस बदलताना. यंत्रावरची काचेची नळी बघितली तर आतली गोळी डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या दोनच्या रेघेवर बरोबर तरंगत होती. म्हणजे यंत्र ठीक, असा मी अर्थ काढला. मग चूक कुणाची?

"तू फिल्टर ओलाच लावतेस," मी सुनंदाला म्हणालो. "त्यातून हवा आत जात नाही. यंत्र गुदमरतं आणि मीही."

ती म्हणाली, "वाळवून लावते हो."

"वाळवून लावतेस तर मला असं का होतंय?"

हे मी एकदा नाही, रोज म्हणालो. मीनलसमोर म्हणालो. भेटायला आलेल्या शेजाऱ्यांसमोर म्हणालो. तिने जुन्या उशीचा फोम कापून आणखी तीन फिल्टर शिवले, म्हणजे एक धुतला की पुरता वाळलेला दुसरा हाताशी असावा. व्हरांड्यातल्या दोरीवर ते चौकोन चिमटे लावून ओळीने लटकायचे. ते मला खाटेवरून दिसायचे. दिसत असूनही मी बोलत राहिलो.

डॉक्टर येऊन तपासून गेले. म्हणाले, "या यंत्राचा भरवसा दिसत नाही. चार दिवसांत फरक पडला नाही तर वॉर्डात या. मी खाट ठेवायला सांगतो."

*वीस रेघांची नळी*

खाट हा शब्द ऐकून माझ्या डोक्यात प्रथमच रसायनशास्त्र जागं झालं. गोळी सांगते हवा किती येते. त्या हवेत प्राणवायू किती, हे ती कुठे सांगते!

"मीनल," मी म्हणालो, "पायरोगॅलॉल. कॉलेजच्या कपाटात, डावीकडे, तपकिरी बाटली."

ती पळालीच. सुट्टी होती, तिने प्रयोगशाळेच्या सहायकांच्या घरी जाऊन किल्ली आणली. हे रसायन अल्कलीत विरघळवलं की प्राणवायू शोषून घेतं. वीस रेघांची काचेची नळी पाण्यावर उलटी धरून तीत यंत्रातला वायू भरायचा, रसायन आत सोडायचं, हलवायचं. जेवढा प्राणवायू शोषला जाईल तेवढं पाणी वर चढेल. साध्या हवेत चार रेघा चढतं. आमच्या यंत्रात अठराच्या आसपास चढायला हवं होतं.

मीनलने नळी हलवली. द्राव तपकिरी झाला. पाणी चढलं. चार, पाच, सहा. सातवर थांबलं.

"हिला आणखी हलव," मी म्हणालो.

"बाबा, हलवली ना. सातच आहे."

मी दोन आठवडे जवळजवळ खोलीतलीच हवा नळीतून घेत होतो. भीती वाटायला हवी होती. पण खरं सांगतो, मला आनंद झाला. बिघाड यंत्रात होता, फुप्फुसात नव्हता! आणि यंत्र दुरुस्त होऊ शकतं.

*शफीभाई*

मुरलीपुऱ्यातले शफीभाई आमचा फ्रिज दुरुस्त करायचे. असलं यंत्र त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. तरी निरोप मिळताच सायकलला हत्यारांची पिशवी लावून आले. आम्ही मोठा सिलिंडर भाड्याने आणून माझ्या नळीला जोडला. तो सुमारे दोन दिवस पुरणार होता. यंत्र व्हरांड्यात ओढलं. मीही सिलिंडरसकट दारात खुर्ची टाकून बसलो.

"सर, ये तो फ्रिज की ही बहन है," शफीभाई झाकण काढताच म्हणाले. "कंप्रेसर इसका भी है, नखरे ज़्यादा हैं."

त्यांनी नळकांडं उघडून दाणे तळहातावर घेतले. राजगिऱ्याएवढे, फिकट. त्यांनी बोटांनी चोळले. दाणे एकमेकांना चिकटत होते.

"अरे! ये तो ड्रायरवाला माल है. फ्रिज में भी डलता है, नमी पीने के लिए. सर, इसने तो पेट भरके पानी पी रखा है. इतना पानी आया कहाँ से?"

त्या एका क्षणात मला सगळं कळलं. हे दाणे नायट्रोजनपेक्षा पाण्यावर अधिक जीव टाकतात. कूलरचा ओला वारा त्यांना मीच पाजला होता.

मी बोलायच्या आत सुनंदा पुढे आली. तिच्या हातात चहाचा ट्रे होता. ती म्हणाली, "भैया, गलती मेरी है. फिल्टर गीला रह गया होगा."

आणि मी गप्प राहिलो.

दवाखान्यात ती माझ्याबद्दल खरं बोलली होती, तेव्हा मला लाज वाटली होती. आता ती माझ्यामुळे स्वतःबद्दल खोटं बोलत होती, आणि मी तिने दिलेला चहा पीत होतो. मनात हिशेबसुद्धा झाला: दुरुस्ती झाली की यंत्र आतल्या खोलीत ठेवू, कारण विचारणार कोण?

*लाटणं आणि चाळणी*

पण दाणे वाचवायचे कसे? शफीभाई म्हणाले, फ्रिजचा ड्रायर ते सरळ बदलतात. हे दाणे जयपुरात कुठून मिळणार! पाणी प्यायलेले आहेत तर तापवून पाणी काढता येईल, मी म्हणालो. पण चुलीवर नाही, कॉलेजच्या भट्टीत, ठरलेल्या तापमानाला, पातळ थरात. (हे कुणी स्वयंपाकघरात करू नये. आमच्याकडे भट्टी होती आणि दुसरा मार्ग नव्हता.)

मीनल आणि शफीभाई दाणे पत्र्याच्या डब्यांत घालून कॉलेजात गेले आणि संध्याकाळपर्यंत थर पालटत बसले. गरम दाणे ग्रीस लावलेल्या झाकणाच्या बरण्यांत गार केले. दुसऱ्या दिवशी सकाळी बरण्या घरी आल्या. मीनलने एक हलवली. सळसळ! कोरड्या, मोकळ्या दाण्यांचा आवाज. मी टाळ्या वाजवल्या आणि खोकत बसलो.

"सर, आप खुश बाद में होना," शफीभाई म्हणाले. "पहले साँस ले लो."

काही दाण्यांची भुकटी झाली होती. ती आत गेली तर झडपा अडकल्या असत्या. सुनंदाने मैद्याची चाळणी कोरडी करून आणली. नळकांड्यात दाणे दाबून बसले पाहिजेत, नाहीतर ते आपटून फुटतात. शफीभाई ओतायचे आणि सुनंदा बाहेरून लाटण्याने हलके ठोके द्यायची, गोल फिरवत, एका लयीत. बाहेर लू सुटली होती, हवा अशी कोरडी की ओठ फुटावेत. आमच्या दाण्यांना तीच हवी होती. जयपूरच्या लूला मी पहिल्यांदाच मनापासून धन्यवाद दिले.

"और थोड़ा, भाभीजी."

"बसतंय, बसतंय. करंजीत सारण भरल्यासारखं आहे हे."

झाकणं बसली. शफीभाईंनी जोडांवर साबणाचा फेस लावला, एका ठिकाणी बुडबुडा आला, तिथला स्क्रू आवळला. सिलिंडरचा काटा तोवर लाल पट्ट्याच्या कडेला आला होता.

धप्, फुस्स.

यंत्र अर्धा तास चालू दिलं. मग मीनलने नळी भरली. आम्ही चौघं त्या काचेवर वाकलो. रसायन आत गेलं, काळसर झालं. पाणी चढायला लागलं.

"पाच. सात. बाबा, सात पार! दहा. बारा."

"हलव, हलव!"

"चौदा. पंधरा... सोळा..."

शफीभाई काहीतरी पुटपुटत होते, बहुधा दुआ.

"साडेसतरा!" मीनल किंचाळली. "बाबा, साडेसतरा!"

शफीभाईंनी पाना हवेत उडवून झेलला. मीनल नाचत होती. मी सिलिंडरची नळी काढून यंत्राची नाकाला लावली. काही मिनिटांत माझी नखं गुलाबी व्हायला लागली. मी ती सगळ्यांना दाखवत सुटलो, नव्या बांगड्या दाखवाव्यात तशी.

*चौघांसमोर*

हत्यारं पिशवीत भरताना शफीभाई मायेने म्हणाले, "भाभीजी, बस अब फिल्टर सुखाकर ही लगाना."

सुनंदाने मान खाली घातली. "हाँ भैया. ध्यान रखूँगी."

मला ते सहन झालं नाही. आरोप मी चारचौघांत केला होता, तर तो मागे घ्यायचाही चारचौघांतच.

"शफीभाई, थांबा," मी म्हणालो. "फिल्टर कधीच ओला नव्हता. यंत्र मी कूलरसमोर ठेवलं होतं. मी. काल तुम्ही दाणे चोळलेत तेव्हाच मला कळलं. आणि मी हिला बोलू दिलं."

मीनल नाचायची थांबली. शफीभाई पिशवीच्या बंदाशी खेळत राहिले. सुनंदाच्या हातात अजून लाटणं होतं, त्याला पांढरी भुकटी लागली होती.

"अहो," ती म्हणाली, "जयपूरच्या मे महिन्यात मीनलची जीन्स अर्ध्या तासात वाळते. तळहाताएवढा फोम ओला राहतो, हे तुम्हाला खरं वाटलं? तुम्ही रसायनशास्त्राचे प्राध्यापक."

मी नाकातली नळी उगीच नीट करू लागलो.

"आणि मला तरी ते खरं कसं वाटलं!" ती म्हणाली. आवाज फाटला. "तीन शिवले मी. उशी फाडून."

ती आत गेली. शफीभाई जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून गेले.

*दोरी*

यंत्र आता आतल्या कोरड्या खोलीत, पंख्याखाली, भिंतीपासून हातभर लांब असतं. भिंतीतून लांब नळी माझ्या खोलीत येते, तिथे कूलर. दर पंधरा दिवसांनी मीनल वीस रेघांची नळी काढते. वॉर्डात मला जावं लागलेलं नाही. एवढं ज्यांच्या उपयोगी पडेल त्यांनी घ्यावं.

सुनंदा दोन दिवस औषधांच्या वेळांपलीकडे माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मी उठलो, यंत्राच्या पाठीचा फिल्टर काढला, न्हाणीघरात बसून साबणाने धुतला आणि पिळला. मग नळी मागे ओढत व्हरांड्याकडे निघालो. उंबरठा ओलांडला, चार पावलं गेलो, आणि नळी ताणली. दोरी अजून दोन हात लांब होती. मी हात पुढे केला, वाकलो, पोचला नाही. नळी काढून जायची हिंमत झाली नाही. फिल्टर तिथेच खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि परत आलो. सुनंदा स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होती.

दोन दिवसांनी फिल्टर धुऊन मी पुन्हा निघालो. भिंतीत नवा खिळा होता. दोरी सोडून दोन हात अलीकडे बांधलेली होती, आणि तिच्यावर एकच चिमटा लावून ठेवला होता.

मी फिल्टर अडकवला. नळी अजून थोडी सैल होती.